आईने न सांगितलेली वर्षं: होलोकॉस्टमधून वाचलेल्या आईवडिलांचा माग कसा काढावा

माझ्या सासूबाईंच्या हातावर नाझी छावणीत गोंदायचे तसा क्रमांक नव्हता. एवढ्यावरून माझ्या नवऱ्याने पन्नाशी उलटेपर्यंत धरून ठेवलं होतं की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपली आई कुठल्याशा खेड्यात ओळखीच्यांकडे राहिली. त्यांनीही कधी वेगळं सांगितलं नाही. "खेड्यात होते. थंडी फार होती," एवढं म्हणून त्या उठायच्या आणि गॅसवरचं भांडं बघायला जायच्या.

माझं माहेर पनवेलचं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातलं ज्यू घराणं. आमच्याकडे पणजोबांच्या तेलघाण्याच्या गोष्टी जेवताना सुद्धा थांबायच्या नाहीत. लग्न होऊन इस्रायलमध्ये या घरात आले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की एखाद्या घराला आजी-आजोबाच नसतात, त्यांचा फोटो नसतो, आणि त्याबद्दल कुणी विचारतही नाही. सासूबाई गेल्या. शिवा, म्हणजे ज्यू रिवाजातल्या दुखवट्याचे सात दिवस, संपल्यावर कपाट आवरताना त्यांच्या ओळखपत्राच्या पाकिटात चार घड्या केलेला एक हंगेरियन कागद निघाला. बुडापेस्टचा शिक्का, साल १९४५, आणि हंगेरियन न येणाऱ्यालाही वाचता येईल असा एक शब्द: देपोर्ताल्त. हद्दपार केलेली व्यक्ती.

पुढची तीन वर्षं आम्ही शोध घेतला. त्यात वेळ पुष्कळ वाया गेला, कारण सुरुवात उलट्या टोकाने केली होती. ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने आता लिहिते आहे. इस्रायलमध्ये, अमेरिकेत, इंग्लंडमध्ये होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या घरांशी सोयरीक झालेली मराठी माणसं आज बरीच आहेत. मुंबईत निर्वासित म्हणून आलेल्या युरोपीय ज्यूंचे वंशजही आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं, हा हेतू.

आई किंवा वडील हयात असतील तर

मग सगळ्यात आधी ते. पण प्रश्नांची यादी घेऊन समोर बसू नका. "छावणीत होतीस का?" हा पहिला प्रश्न असूच शकत नाही. ज्यांनी पन्नास-साठ वर्षं गप्प राहणं पत्करलं, त्यांच्याकडे त्याची कारणं असतात. कुणी मुलांना भीती वाटू नये म्हणून गप्प राहिलं. कुणाला वाचल्याचीच लाज वाटत होती. कम्युनिस्ट देशांत ज्यू असल्याचं लपवणंच सोयीचं होतं. आणि इस्रायलमध्ये सुद्धा पहिल्या दहा-पंधरा वर्षांत वाचलेल्यांना लोक विचारायचे, तुम्ही प्रतिकार का नाही केला? १९६१ मध्ये ज्यूंच्या हद्दपारीचा सूत्रधार असलेल्या नाझी अधिकारी आइखमनचा खटला रेडिओवरून घराघरांत ऐकू आला, तेव्हा कुठे ते जरा मोकळेपणाने बोलायला लागले. सगळेच नाही.

युद्धाच्या आधीचं विचारा. घराला अंगण होतं का, शुक्रवारी संध्याकाळी काय रांधायचे, शाळेत कुठली भाषा, शेजारी कोण, भावंडांत खोडकर कोण. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी युद्धाबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण वडिलांच्या दुकानाचा पत्ता गल्लीच्या नावासकट सांगितला. त्या पत्त्यावरून पुढचं सगळं सापडलं. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा. त्यांनी हात वर केला की थांबा. आणि त्यांच्या नकळत अर्काइव्हमधून, म्हणजे जुन्या कागदांच्या दप्तरखान्यातून, कागद मागवून एक दिवस त्यांच्यापुढे ठेवू नका. आपल्या आईचं नाव मृतांच्या यादीत टाइप केलेलं बघणं म्हणजे काय, हे आपल्याला कळत नाही. त्या कागदाकडे बघायचं की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

घरातले पुरावे: कागद आणि कागद नसलेले

आई-वडील नसतील तर घर आहे. मिळालेली प्रत्येक गोष्ट मोबाइलवर पुढून-मागून टिपा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, त्यावर गावाचं नाव असतं. लग्नाचा केतुबा (विवाहाचा करारनामा) आणि कबरीवरचा दगड नीट वाचा. ज्यू रिवाजाप्रमाणे तिथे बापाचं नाव असतं, "अमकी, अमक्याची मुलगी". म्हणजे ज्या आजोबांचं नाव घरात कधी घेतलं गेलं नाही, ते बहुतेक वेळा आईच्याच कबरीवर कोरलेलं सापडतं.

आणि सवयींची नोंद करा. सासूबाई दर वर्षी शावुओतच्या सणानंतर दोन दिवसांनी एक नेर नेशामा लावायच्या, मृतांसाठी लावतात ती चोवीस तासांची मेणबत्ती. कुणासाठी, ते सांगायच्या नाहीत. कबर नसलेल्या, तारीख माहीत नसलेल्या मृतांसाठी इस्रायलमध्ये तेवेत महिन्याच्या दशमीला सामुदायिक कद्दिश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणतात. तो दिवस सोडून कुणी दुसरीच तारीख पाळत असेल, तर ती तारीख कुठून तरी आलेली असते. १९४४ साली शावुओत २८ मे रोजी होता. दोन दिवसांनी ३० मे. हा हिशेब आम्हाला फार उशिरा सुचला. सुचला तेव्हा समजलं की शोधाचा सगळ्यात पक्का धागा दर वर्षी आमच्या ओट्यावर जळत होता.

नाव, गाव, तारीख

या तीन गोष्टी पक्क्या केल्याशिवाय कुठल्याही अर्काइव्हला पत्र लिहू नका. इथे घाई केली की पुढे महिने जातात.

नावापासून सुरू करू. आपल्याकडे सॅम्युअल एझेकिएल दिवेकर हे सामाजी हसाजी या नावाने ओळखले जात. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे तेच. एकच माणूस, हिब्रू-इंग्रजी कागदात एक नाव, कोकणी तोंडात दुसरं. युरोपातही नेमकं असंच होतं. एका मुलीचं हिब्रू नाव वेगळं, घरातलं यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) लाडाचं नाव वेगळं, शाळेतलं हंगेरियन नाव वेगळं, आणि इस्रायलमध्ये उतरल्यावर घेतलेलं नवं हिब्रू नाव आणखी वेगळं. हंगेरियन कागदात आडनाव आधी येतं. लग्न झालेल्या बाईच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आणि शेवटी "ने" असं जोडलेलं असतं, म्हणजे तिचं स्वतःचं नाव दिसतच नाही. आपल्याकडे पेणकर, किहीमकर म्हटलं की गाव कळतं. तिथे ती सोय नाही. एक वही करा आणि मिळालेलं प्रत्येक रूप तीत लिहा. माहेरचं आडनाव सगळ्यात वर. स्पेलिंगच्या भानगडीवर १९८५ मध्ये डेच-मोकोटॉफ नावाची ध्वनीवर चालणारी पद्धत तयार झाली. ज्यू वंशावळींच्या बऱ्याच संकेतस्थळांवर "सारखा उच्चार" असा पर्याय असतो, तो याच पद्धतीवर चालतो. अचूक स्पेलिंगचा हट्ट सोडा आणि तो पर्याय निवडा.

गावाचं तर विचारूच नका. सासूबाईंचं शहर हंगेरियनमध्ये नॉद्यवाराद, रोमानियनमध्ये ओरादेआ, जर्मनमध्ये ग्रोसवार्डाइन. त्यांचा जन्म १९२८ चा, म्हणजे रोमानियातला. ३० ऑगस्ट १९४० च्या व्हिएन्ना निवाड्याने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडे गेलं. सासूबाई घरातून न हलता हंगेरियन झाल्या. युद्धानंतर पुन्हा रोमानिया. त्यामुळे जन्माची नोंद रोमानियन, घेट्टोचे (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीचे) कागद हंगेरियन, छावणीचे जर्मन, आणि स्थलांतराचे हिब्रू. कुठल्या साली गाव कुणाच्या ताब्यात होतं याचा एक तक्ता करून भिंतीवर लावा. कुठल्या देशाच्या कचेरीला लिहायचं, ते त्यावरून ठरतं.

तारखेबद्दल एकच सांगते: छावणीच्या कागदावरची जन्मतारीख खरी असेलच असं नाही. नाझींनी ताब्यात घेतलेल्या पोलंडमधल्या आउशवित्झ या मृत्युछावणीच्या फलाटावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना कुणीतरी कानात सांगायचं, अठरा सांग. लहान दिसणाऱ्यांना सरळ मारायला पाठवत. ज्यांनी ऐकलं त्यांच्या कागदावर वय वाढलेलं राहिलं. धंदाही तसाच. ज्यांनी कधी सुई धरली नाही, त्यांनी शिवणकाम येतं म्हणून सांगितलं. सासूबाईंच्या कागदांवर कुठे १९२६ आहे, कुठे १९२८. आधी आम्ही १९२६ वाली बाई दुसरीच समजून बाजूला ठेवली होती.

आरोल्झेनला लिहा

जर्मनीतल्या हेसन प्रांतात बाड आरोल्झेन नावाचं लहानसं गाव आहे. युद्धानंतर हरवलेल्यांचा शोध घेणारी आंतरराष्ट्रीय कचेरी तिथे होती, आज तिचं नाव आरोल्झेन अर्काइव्ह्ज. छावण्यांची कार्डं, वाहतुकीच्या याद्या, सक्तीच्या मजुरांच्या नोंदी, विस्थापितांच्या छावण्यांचे अर्ज असे सुमारे ३ कोटी कागद तिथे आहेत आणि ते सुमारे १ कोटी ७५ लाख लोकांबद्दल आहेत. २००७ पर्यंत संशोधकांना हे दार बंद होतं. २०१३ मध्ये युनेस्कोने हा संग्रह जागतिक स्मृतिवारशात घेतला. आता त्यातला फार मोठा भाग घरबसल्या ऑनलाइन पाहता येतो.

आधी स्वतः ऑनलाइन शोधा, नावाची सगळी रूपं टाकून. पण तिथे काही मिळालं नाही म्हणून थांबू नका. सगळे कागद नावाने शोधता येतील असे सूचीबद्ध झालेले नाहीत. म्हणून दुसरं पाऊल म्हणजे रीतसर चौकशी-अर्ज. तो विनामूल्य आहे. त्यात वहीतलं सगळं लिहा: माहेरचं नाव, नावाची रूपं, दोन्ही जन्मतारखा, आई-वडिलांची नावं, गावाची तिन्ही नावं, माहीत असलेला शेवटचा पत्ता, युद्धानंतर कुठे दिसल्या, कुठे गेल्या. आपलं नातं लिहा. उत्तराला काही महिने लागतात, तोवर बाकीची कामं करा.

उत्तर येतं ते स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात, आणि पहिल्यांदा बघताना त्यातलं काही कळत नाही. सगळं जर्मन, त्यातही संक्षेप. आरोल्झेनच्याच संकेतस्थळावर प्रत्येक प्रकारच्या कार्डाचा रकाना-रकाना समजावणारी मार्गदर्शिका आहे, ती शेजारी उघडी ठेवा. एक उदाहरण देते. जर्मनीतल्या बुखेनवाल्ड छावणीच्या कार्डावर हंगेरियन ज्यू कैद्याच्या प्रकारात "राजकीय" असा शेरा दिसतो. माझ्या नवऱ्याने तो पाहिला आणि दोन दिवस त्याला वाटत राहिलं की आई प्रतिकार चळवळीत होती. ती नोंदीची पद्धत होती, इतकंच. अक्षर लागत नसेल तर ज्यूइशजेन या वंशावळ संकेतस्थळाच्या व्ह्यूमेट विभागात पानाचा फोटो टाकला की स्वयंसेवक वाचून अर्थ सांगतात. आमची दोन पानं तिथे वाचून मिळाली. त्या अनोळखी माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

हाच संग्रह वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयात आणि लंडनच्या वीनर ग्रंथालयातही डिजिटल स्वरूपात आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहत असाल तर तिथल्या संशोधकांची मदत घ्या. वाचलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी ते शोध घेऊन देतात.

क्रमांक नसणं म्हणजे काय

आता पुन्हा हाताकडे. कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदण्याची पद्धत फक्त आउशवित्झच्या छावणी-समूहात होती. डाखाउ, बुखेनवाल्ड, रावेन्सब्रुक इथल्या कैद्यांना क्रमांक असे, पण तो कपड्यावर. शिवाय बुखेनवाल्डसारख्या ठिकाणी मेलेल्या किंवा हलवलेल्या कैद्याचा क्रमांक दुसऱ्याला दिला जाई. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून माणूस ठरत नाही, तारीखही लागते.

आउशवित्झमध्येही प्रत्येकाला क्रमांक गोंदला नाही. फलाटावरून थेट विषारी वायूच्या कोठडीत नेलेल्यांची नोंदच झाली नाही. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून ४ लाख ३० हजारांहून जास्त ज्यू हद्दपार झाले, बहुतेक सगळे आउशवित्झला. तिथे उतरलेल्या हजारो तरुण बायकांना आउशवित्झमधल्याच बिर्केनाउच्या तात्पुरत्या भागात नुसतंच ठेवून घेतलं आणि काही आठवड्यांनी क्रमांक न गोंदताच जर्मनीतल्या कारखान्यांकडे पाठवलं. आमचा सगळा गैरसमज इथेच मिटला. ज्या कोऱ्या हाताला आम्ही खेड्याचा पुरावा मानत होतो, त्या हाताने उलट सांगितलं असतं, विचारलं असतं तर.

आउशवित्झचे बहुतांश कागद नाझींनी पळण्यापूर्वी नष्ट केले. तरी तिथल्या संग्रहालयाला चौकशी-अर्ज जरूर करा. पण "नोंद नाही" असं उत्तर आलं तर ते "इथे नव्हत्या" असं समजू नका. मग बाजूने जायचं. आधी गाडी शोधायची. हंगेरीतून जाणाऱ्या बहुतेक गाड्या तेव्हा हंगेरीत असलेल्या कॉश्शा स्टेशनवरून, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातल्या कोशित्सेवरून जात. तिथे ठेवलेल्या एका यादीत १३७ गाड्यांची तारीख, निघालेलं गाव आणि माणसांची संख्या आहे. नावं नाहीत. नॉद्यवारादहून मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जूनच्या सुरुवातीला एकामागून एक गाड्या गेल्याचं त्यात दिसतं. बुडापेस्ट सोडलं तर हंगेरीतला सगळ्यात मोठा घेट्टो तिथलाच होता. मेणबत्तीची तारीख त्या आठवड्यात बसली.

नंतर पुढचा मुक्काम. आरोल्झेनहून आलेल्या पानांत बुखेनवाल्डच्या एका उपछावणीची यादी होती. हेसनमधल्या आलेनडॉर्फ गावाजवळ म्युन्शम्यूले नावाची छावणी होती. ऑगस्ट १९४४ मध्ये आउशवित्झहून हजार हंगेरियन ज्यू बायका-मुली तिथे आणल्या आणि मार्च १९४५ च्या अखेरीपर्यंत त्यांच्याकडून तोफगोळ्यांत स्फोटकं भरून घेतली. त्या रसायनांनी त्यांची कातडी आणि केस पिवळे-नारिंगी पडत. या हजारांत सासूबाईंचं नाव आहे. माहेरच्या नावाने, जन्मसाल १९२६. आज त्या गावाला श्टाटआलेनडॉर्फ म्हणतात, आणि तिथलं दस्तऐवज केंद्र या बायकांचा इतिहास जपतं. अशी लहान स्मारकं विसरू नका. मोठ्या संग्रहालयांपुढे तुमचा अर्ज हजारांतला एक असतो, इथल्या माणसांना मात्र त्या हजार नावांतलं एकेक माहीत असतं.

१९४५ नंतरचे कागद जास्त बोलके

माझ्या मते बहुतेक लोक चुकतात ते इथे. सगळं लक्ष छावणीकडे. पण छावणीचा कागद मारणाऱ्यांनी लिहिलेला आहे. त्यात माणूस म्हणजे क्रमांक आणि काम. सुटकेनंतरचे कागद वाचलेल्यांनी स्वतः सांगून लिहवून घेतले आहेत. शक्य तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा.

युद्धानंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीतल्या विस्थापितांच्या छावण्यांत राहिलेल्यांचे अर्ज आरोल्झेनमध्येच आहेत. त्यातला "सीएम-१" हा अर्ज म्हणजे सोनं. माणूस आधीची वर्षं कुठेकुठे राहिला, काय काम केलं, कुठल्या भाषा येतात, कुठल्या देशात जायचं आहे, घरचं कोण सोबत आहे, सगळं त्यात. मात्र कुठल्या देशाचा व्हिसा मिळेल या विचाराने काहींनी जन्मगाव किंवा वय बदलून सांगितलं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

हंगेरीत परतलेल्यांसाठी बुडापेस्टमध्ये देगोब नावाची समिती होती. १९४५-४६ मध्ये तिने सुमारे पाच हजार लोकांच्या साडेतीन हजारांवर जबान्या उतरवून घेतल्या. त्या ऑनलाइन आहेत, इंग्रजीतही बऱ्याच. पण नावाच्या जागी आद्याक्षरं आहेत, म्हणून नावाने शोधून काही मिळत नाही. जन्मगाव, वय, धंदा आणि छावण्यांचा क्रम यांवरून शोधायचं. पोलंडचं कुटुंब असेल तर वॉर्सातली ज्यू इतिहास संस्था: तिथे अशाच सुमारे सात हजार जबान्या आणि युद्धानंतर नाव नोंदवलेल्या ज्यूंच्या कार्डांचा मोठा संग्रह आहे.

नुकसानभरपाईची फाइल शोधा. पश्चिम जर्मनीच्या १९५० च्या दशकातल्या कायद्यांखाली ज्यांनी दावा केला, त्यांना स्वतःच्या शब्दांत प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं, साक्षीदार द्यावे लागले, डॉक्टरांपुढे जावं लागलं. मुलांना कधी न सांगितलेलं त्या फायलीत सरकारी कारकुनापुढे सांगितलेलं असतं. या फायली जर्मनीच्या त्या त्या राज्याकडे असतात, आणि त्यांची केंद्रीय सूची ड्युसेलडॉर्फमध्ये आहे. एक भेद लक्षात ठेवा: १ ऑक्टोबर १९५३ पूर्वी इस्रायलला आलेल्यांना भरपाई जर्मनीकडून न मिळता १९५७ च्या इस्रायली कायद्याखाली मिळाली. सासूबाई १९५० मध्ये रोमानियातल्या कॉन्स्टांट्सा बंदरातून "ट्रान्सिल्व्हानिया" जहाजाने हैफाला उतरल्या होत्या, त्यामुळे आम्ही जर्मनीत वर्षभर जी फाइल शोधत होतो, ती तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि जबानी दुसऱ्याची असली तरी चालते. अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशनकडे १९९४ पासून ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या ५५ हजारांवर साक्षी आहेत. त्यांची सूची मिनिटामिनिटाची आहे. आईने मुलाखत दिली नसेल. पण तिच्या गावातल्या, तिच्याच छावणीतल्या दुसऱ्या बाईने दिली असेल. गाव आणि छावणी दोन्ही टाकून शोधा. आलेनडॉर्फच्या बायका बोलताना आम्ही ऐकल्या, त्या हंगेरियन बोलीचा हेल सासूबाईंचाच. माझा नवरा तिथे उठून गेला आणि बराच वेळ बाल्कनीत उभा राहिला.

इतर देशांसाठी थोडक्यात

जर्मनीतल्या ज्यूंसाठी जर्मन राष्ट्रीय अर्काइव्हचं स्मृतिपुस्तक ऑनलाइन आहे. चेक कुटुंबांसाठी तेरेझिन घेट्टोच्या याद्या, फ्रान्ससाठी पॅरिसचं मेमोरियल द ला शोआ, बेल्जियमसाठी मेखेलेनचं कझर्न दोसिन, हॉलंडसाठी योड्स मोन्युमेंट. किंडरट्रान्सपोर्ट या मुलांच्या सुटकेच्या मोहिमेने १९३८-३९ मध्ये इंग्लंडला पाठवलेल्या सुमारे दहा हजार मुलांपैकी कुणी तुमच्या घरात असेल, तर वर्ल्ड ज्यूइश रिलीफकडे त्यांची जुनी कार्डं मागता येतात. पोलंडमध्ये १०० वर्षांच्या आतली जन्मनोंद गावच्या नोंदणी कचेरीत असते, त्यापेक्षा जुनी सरकारी अर्काइव्हमध्ये. उजाड झालेल्या शेकडो गावांच्या वाचलेल्या रहिवाशांनी मिळून लिहिलेली यिझकोर पुस्तकं आहेत. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ती ऑनलाइन ठेवली आहेत. बरीच यिडिश किंवा हिब्रूत आहेत, पण गावाचा नकाशा आणि दुकानदारांची नावं त्यांतच सापडतात.

वाट भारतातून गेली असेल तर

१९३३ नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून सुटलेले ज्यू मुंबईतही आले. आकाशवाणीची सकाळची धून बांधणारे वॉल्टर काउफमान हे त्यांतलेच. मुंबईच्या ज्यूंनी १९३४ मध्ये या लोकांसाठी ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन केली होती. युद्ध सुरू झाल्यावर मात्र जर्मन पासपोर्ट म्हणून यांतल्या अनेकांना ब्रिटिशांनी शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरवलं आणि स्थानबद्ध केलं. डेहराडून आणि आपल्या पुरंदर-साताऱ्याच्या छावण्या त्यासाठीच होत्या. अशा कुटुंबाने राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर परदेशी नागरिकांच्या फायली शोधाव्यात, आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्राचं पुराभिलेखागार गाठावं. चिंचपोकळीच्या ज्यू कब्रस्तानातले दगडही वाचावेत.

इंग्रज नाटककार टॉम स्टॉपर्ड यांचं बालपण दार्जिलिंगला गेलं. जन्म १९३७ चा, चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिनचा. वडील बाटा कंपनीच्या इस्पितळात डॉक्टर होते, ते सिंगापूरच्या पाडावात गेले. आईने भारतात इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि मागचं दार बंद केलं. आपले चारही आजी-आजोबा नाझींनी मारले, हे त्यांना १९९० च्या दशकात, वयाच्या पन्नाशीनंतर एका नातेवाइकाकडून कळलं. म्हणजे आपल्याच घरात असं कसं झालं, म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

जुळतंय असं वाटलं की थांबा

एकदा आम्ही दोन महिने भलत्याच बाईच्या मागे होतो. नाव तेच, साल तेच, शहरही तेच. तिचं पुढचं आयुष्य अर्जेंटिनात गेलं होतं, आणि आम्ही मनात कथा रचून टाकली होती की सासूबाईंचं आधी एक लग्न झालं असावं. नॉद्यवारादसारख्या शहरात एका नावाच्या चार मुली सहज असत. त्यानंतर मी नियम केला: नाव सोडून किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय कागद आपला मानायचा नाही. आई-वडिलांचं नाव जुळलं तर उत्तम. प्रत्येक पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा, पक्कं, बहुतेक, किंवा नुसता संशय.

देगोबची एक जबानी आमच्याकडे अजून "बहुतेक" मध्येच आहे. तीन मुलींनी मिळून दिलेली, नॉद्यवारादच्या, आउशवित्झहून आलेनडॉर्फ. एकीची आद्याक्षरं जुळतात. वय एका वर्षाने चुकतं. तिने सांगितलं आहे की फलाटावर आई आणि धाकटा भाऊ डावीकडे, म्हणजे मरणाच्या रांगेत, गेले. ती सासूबाई असतील किंवा नसतील. ती जबानी मी छापून त्याच पाकिटात ठेवली आहे.

याद वाशेमचा अर्ज

जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकाच्या नामसंग्रहात सुमारे ५० लाख मृतांची नावं जमली आहेत. त्यांतली कितीतरी कुटुंबीयांनी स्वतः भरलेल्या साक्ष-पत्रांतून आली. मृत व्यक्तीचं नाव, आई-वडील, जन्मगाव, युद्धापूर्वीचा पत्ता, धंदा, मृत्यूचं ठिकाण, असे रकाने असतात. आधी तिथे शोधा. तुमच्या आजी-आजोबांचं पत्र कुणी तरी, एखाद्या विसरलेल्या चुलत नातेवाइकाने, १९५० च्या दशकातच भरून ठेवलेलं असू शकतं. आणि ते पत्र भरणाऱ्याचं नाव-पत्ता खाली असतो. जिवंत नातेवाईक सापडण्याची ही सगळ्यात खात्रीची वाट आहे.

आमच्या घरच्यांचं कुणी भरलेलं नव्हतं. ओरादेआच्या नोंदणी कचेरीतून जन्माचे दाखले आल्यावर नवऱ्याने ती पत्रं भरायला घेतली. आजी, आजोबा, आणि आईचा भाऊ, जन्म १९३७. त्याच्या धंद्याच्या रकान्यात काय लिहायचं, असं त्याने मला विचारलं. सात वर्षांच्या मुलाचा धंदा काय असणार. "विद्यार्थी" लिही, मी म्हटलं. शेवटी पत्र भरणाऱ्याने मृताशी आपलं नातं लिहायचं असतं. हिब्रूत त्याला एकच शब्द आहे, पुतण्याला आणि भाच्यालाही. तो लिहून झाल्यावर त्याने मला विचारलं, तुमच्या भाषेत आईच्या भावाला काय म्हणतात?

मी सांगितलं, मामा. त्याने आपल्या वहीत त्या नावापुढे तो शब्द हिब्रू लिपीत लिहून घेतला.